मोठेपणी हौसेने ट्रेडिंग कार्डं जमवणारे पुणेकर आहेत का?

निंबोणी

पोकेमॉन, मॅजिक, यू-गी-ओ, क्रिकेट, कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं, काहीही चालेल. जमवणारा माणूस मोठा असावा आणि हौसेखातर जमवत असावा, एवढंच. खरेदी-विक्रीच्या ग्रुपांवर कार्डाचा फोटो टाकला की पहिला प्रश्न येतो, "भाव काय?" मला त्या कार्डावरच्या चित्राबद्दल बोलायचं असतं, आणि तिथे ते कोणाला ऐकायचं नसतं. म्हणून हा धागा.

माझा संग्रह छोटा आहे आणि मुद्दाम छोटाच ठेवणार आहे. युका मोरी नावाच्या जपानी कलाकार आहेत. पोकेमॉनच्या कार्डासाठी त्या चित्र रंगवत नाहीत. त्या प्राण्याची मातीची छोटी मूर्ती घडवतात, भोवती साजेसा देखावा मांडतात आणि त्याचा फोटो काढतात. इतकी वर्षं त्या हे करताहेत. प्रत्येक कार्डावर तळाशी बारीक अक्षरांत चित्रकाराचं नाव छापलेलं असतं. जिथे मोरींचं नाव, ते कार्ड माझं. बाकीची कितीही चकचकीत असली तरी मी घेत नाही. त्यांची बरीचशी कार्डं साधी, म्हणजे 'कॉमन' असतात. त्यामुळे ती सुटी घेतली तर एका चहा-क्रीमरोलच्या पैशात येतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच, की पहिलं पाकीट (आत कोणती कार्डं आहेत ते फोडल्याशिवाय कळत नाही) घेण्याआधी आपलं कुंपण, म्हणजे काय जमवायचं त्याची हद्द, ठरवा. एकच चित्रकार, किंवा एकच पोकेमॉन, किंवा पहिल्या १५१ पोकेमॉनचं प्रत्येकी एक कार्ड. असं काहीतरी, जे आपल्या पगारात आणि आपल्या कपाटात पूर्ण होऊ शकेल. 'सगळं हवं' म्हणून सुरुवात करणाऱ्याला शेवट नाही. नवी मालिका दर दोन-तीन महिन्यांनी येतच राहते.

तुम्ही काय जमवता? कुठे ठेवता? घरचे काय म्हणतात?

---

पानशेतकर

कार्डं पोकेमॉनचीच, पण फक्त १९९९ ची पहिली इंग्रजी मालिका. १०२ कार्डं. कोपऱ्यात ४/१०२, ५८/१०२ असे आकडे असतात ती. पैकी पहिली सोळा चमकणारी, ती महाग. ती सोडून उरलेली ८६ हे माझं कुंपण. कोपरे घासलेली, मागे पांढरी झालेली अशीच घेतो, परवडतात.

पोकेमॉन आमच्याकडे २००३ च्या सुमारास कार्टून नेटवर्कवर लागायला लागला. चिप्सच्या पुड्यांतून टॅझो, म्हणजे चित्रांच्या गोल चकत्या, यायचे, तेच काय ते आमच्या वाट्याला आले. खरी कार्डं तेव्हा कुठल्या दुकानात पाहिल्याचं आठवत नाही. आता स्वतःच्या पैशाने ती हातात येताहेत याचा आनंद फार मोठा आहे.

---

रानजाई

वाचतेय. माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याच्यामुळे मी यात आले आणि आता माझीच वही त्याच्यापेक्षा नीट असते. :-)

एक विचारायचं होतं. त्याला वाढदिवसाला सोनेरी प्लास्टिक कार्डांचा एक डबा मिळाला. शाळेत सगळ्यांकडे तीच आहेत. ती खरी की नकली, हे ओळखायचं कसं? त्याला कसं सांगायचं, हा वेगळाच प्रश्न.

---

बेरीज_वजाबाकी

निंबोणी, कुंपणाचा मुद्दा अगदी पटला. गणित शिकवतो, म्हणून त्याला आकड्यांची जोड देतो.

समजा एका मालिकेत ५० कार्डं आहेत. सगळी सारख्याच संख्येने छापलेली. तुम्ही दर खेपेला एक कार्ड न बघता विकत घेता. संच पूर्ण व्हायला सरासरी किती कार्डं घ्यावी लागतील? उत्तर साधारण २२५. पण गंमत पुढे आहे. पहिली २५ वेगवेगळी कार्डं सरासरी ३४ खरेदीतच मिळून जातात. आणि शेवटचं एकच कार्ड, फक्त ते एक, मिळायला सरासरी ५० कार्डं घ्यावी लागतात! अर्ध्या संचाला लागली त्यापेक्षा जास्त.

प्रत्यक्षात दुर्मीळ कार्डं कमी छापतात, त्यामुळे खरा आकडा याहून पुष्कळ मोठा निघतो. तेव्हा पाकिटं फोडायची हौस असेल तर ती सुरुवातीला भागवून घ्यावी. डबल यायला लागले की थांबावं, आणि उरलेली कार्डं सुटी घ्यावीत किंवा बदलून घ्यावीत. अदलाबदलीने गणित एकदम बदलतं. माझं डबल तुमचं शेवटचं असू शकतं. पाच जण मिळून पाच संच करू लागले तर एकट्याच्या पाचपट कार्डं लागत नाहीत, बरीच कमी लागतात.

मी मॅजिक जमवतो. तो खेळ १९९३ सालचा, रचणारे रिचर्ड गारफिल्ड. ते मुळात गणिती, त्यांची पीएचडी कॉम्बिनेटोरिक्समधली, म्हणजे मांडणी आणि मोजणीच्या गणितातली. विकत घेतलेल्या पाकिटांतून जो तो आपली गड्डी स्वतः बांधणार, प्रत्येकाची गड्डी वेगळी, आणि तरी खेळ सगळ्यांचा एकच. ही कल्पना गणित्यालाच सुचावी. मला तो खेळ जिंकण्यापेक्षा त्यातले नियम कार्डावर किती मोजक्या शब्दांत बसवले आहेत हे वाचायला आवडतं.

---

निंबोणी

सर, ३४ आणि ५० वहीत लिहून ठेवलं!

रानजाई, ती सोनेरी कार्डं नकलीच. कंपनीच्या नेहमीच्या पाकिटांत प्लास्टिकची सोनेरी कार्डं नसतातच. धातूची कार्डं काही मोजक्या महागड्या पेट्यांत आली होती, पण पन्नासेक कार्डांचा सोनेरी डबा असा प्रकार अधिकृत नाही. कागदी कार्डं पारखायची तर मी हे बघते:

पाठीचा निळा रंग. खऱ्या कार्डाशेजारी ठेवला की नकलीचा फिका किंवा जांभळट दिसतो. मग अक्षरं. नकलीवर ती जाड, पुसट किंवा ओळीतून सरकलेली असतात, आणि शब्दांत चुका सापडतात. मग आकडे. हल्ल्याची ताकद भलतीच, चारआकडी वगैरे, असेल तर पुढे बघायची गरज नाही. शेवटी मोबाइलचा टॉर्च मागे धरायचा. खऱ्या कार्डाच्या दोन थरांमध्ये एक काळसर पातळ थर असतो, त्यामुळे उजेड कमी झिरपतो. नकली बहुधा लख्ख उजळतं. एकट्या टॉर्चवर निकाल देऊ नये, पण चारही गोष्टी मिळून फसगत होत नाही.

एक पक्कं खरं कार्ड, अगदी साधं दहा रुपयांचं का असेना, घरात ठेवा. तुलनेला तेच कामाला येतं.

---

पौडफाटा

मी थोडं वेगळं मांडतो, राग नसावा. मी न फोडलेल्या पेट्या घेऊन ठेवतो. काहींचे भाव खरोखर वाढलेत. मग त्याकडे गुंतवणूक म्हणून का बघू नये? २०२२ मध्ये मिकी मँटलचं १९५२ चं बेसबॉल कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. हौस आणि पैसा दोन्ही होत असेल तर वाईट काय?

---

कसबेकर

पौडफाटा, राग अजिबात नाही. तुम्ही मँटलचं नाव काढलंत म्हणून बरं झालं, कारण त्या कार्डाची कथाच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. जरा लांबण लागेल.

कार्डांचा जन्म सिगारेटच्या पाकिटात झाला. मऊ कागदी पाकीट चेंबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापू. अमेरिकेत १८८० च्या दशकात ॲलन अँड जिंटरने, ब्रिटनमध्ये १८८७ पासून विल्सने अशी कार्डं काढली. विल्स म्हणजे तीच, जिच्या नावाने १९९६ चा क्रिकेट विश्वचषक आपल्याकडे झाला. पंचवीस-पन्नासचे संच असत, पुढे चित्र आणि पाठीवर माहिती. पक्षी, जहाजं, क्रिकेटपटू, झेंडे. वडील सिगारेट ओढत आणि मुलं कार्डं गोळा करत. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि ब्रिटनमध्ये हे बंद पडलं.

तोवर अमेरिकेत च्युइंगमबरोबर बेसबॉलची कार्डं सुरू झाली होती. १९५२ मध्ये टॉप्स या कंपनीने मोठा संच काढला, त्यात मँटल. त्याचं कार्ड ज्यात होतं ती शेवटच्या टप्प्यातली कार्डं हंगामाच्या शेवटी बाजारात आली, खपली नाहीत. वर्षानुवर्षं गोदामात पडली. शेवटी १९६० मध्ये ती पेट्याच्या पेट्या बार्जवर चढवून समुद्रात नेऊन बुडवली, असं तो संच तयार करणारे साय बर्गर सांगत. उरलेली बहुतेक कार्डं मुलांनी सायकलच्या चाकात अडकवली किंवा आयांनी रद्दीत घातली. म्हणून आज चांगल्या अवस्थेतलं मँटल दुर्मीळ आणि म्हणून त्याला तो भाव.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं. जुन्या कार्डांचे भाव पाहून १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लोकांनी नवी कार्डं पेट्यांनी घेऊन ठेवायला सुरुवात केली. कंपन्यांनीही वाट्टेल तेवढी छापली. आज तीस-पस्तीस वर्षांनी त्या पेट्या न फोडलेल्या अवस्थेत सापडतात आणि बहुतेकांना कोणी विचारत नाही. सगळ्यांनीच जपून ठेवली, मग दुर्मीळ काय राहणार? २०२०-२१ च्या महामारीत पुन्हा तीच लाट आली. अमेरिकेत टार्गेट या दुकानसाखळीने मे २०२१ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने दुकानांतली कार्डविक्री काही काळ थांबवली होती.

तेव्हा पेट्या जरूर ठेवा, तुमचा पैसा आहे. पण मुलांच्या शिक्षणाचा किंवा निवृत्तीचा हिशोब त्यावर बांधू नका, हे वडीलकीच्या नात्याने सांगतो.

मी स्वतः काडेपेटीचे छाप जमवले, पुढे कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं, मुलाच्या निमित्ताने. उंचीला जायंट गोन्झालेस, वजनाला योकोझुना, कोणी हरवू शकत नसे. ते पत्ते अजून रबरबँड लावून आहेत. (रबरबँड काढा असं सुनेने सांगितलंय. बरोबर आहे तिचं, त्याने कडा कापल्या जातात.)

---

पौडफाटा

कसबेकर काका, समुद्रात बुडवलेली कार्डं ही गोष्ट माहीत नव्हती. मुद्दा कळला. तरी एवढं म्हणेन की दोन पेट्या विकून त्यातून मी माझ्या आवडीची कार्डं घेतो, खिशातून वेगळे पैसे काढावे लागत नाहीत. हौसेने हौसेचा खर्च भागवणं, एवढ्यापुरतं मला ते योग्य वाटतं.

ग्रेडिंगबद्दल कोणाचं काय मत? अमेरिकेत पीएसए या कार्डाची अवस्था तपासणाऱ्या कंपनीकडे पाठवून १ ते १० गुण घेऊन, डबीत सील करून आणतात, तसं करावं का?

---

निंबोणी

विकायचं असेल किंवा कार्ड खूप मौल्यवान असेल तर जरूर. हौसेसाठी मला नको वाटतं. जाण्या-येण्याचा खर्च, विमा, कस्टम्स, महिनोन्महिने वाट पाहणं, आणि परत आलं की ते जाड प्लास्टिकमध्ये बंद. मला माझी कार्डं पानात एकमेकांशेजारी लावलेली बघायची असतात. मोरींच्या मातीच्या मूर्ती शेजारी शेजारी ठेवल्या की कळतं, त्यांनी उजेड कुठून घेतलाय, गवत कशाचं केलंय.

भाव बघायचाच झाला तर विक्रेत्याने मागितलेला आकडा धरू नका. प्रत्यक्षात विकलं गेलं तो आकडा बघा. दोन्हींत खूप फरक असतो.

---

पानशेतकर

पावसाळ्याबद्दल कोणीच बोललं नाही! पुण्यातल्या जमवणाऱ्याचा खरा शत्रू तोच. आमच्या भागात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते.

फॉइलची कार्डं वाकतात, त्याचं कारण साधं आहे. पाठीचा कागद दमट हवेत ओलावा पिऊन प्रसरण पावतो, पुढचा चमकता थर तेवढा ताणत नाही. मग कार्ड चमकत्या बाजूला वाकतं. उन्हाळ्यात कागद कोरडा पडला की उलट. हे वारंवार झालं की चमकीवर बारीक सुरकुत्या येतात. साधी कार्डं मानाने टिकतात.

मी काय करतो: प्रत्येक कार्डाला आधी पातळ स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर. मग नऊ खणांचं पान, तेही पीव्हीसीचं नाही, पॉलिप्रॉपिलीनचं. मऊ पीव्हीसीला वास येतो, कालांतराने ते चिकट होतं आणि छपाई धरतं. वही कपाटात उभी ठेवायची, आडवी ठेवून वर पुस्तकं रचायची नाहीत. कपाट आतल्या भिंतीला असावं, बाहेरच्या भिंतीला नाही, आणि माळ्यावर तर कधीच नाही. गच्चीखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून उरलेली ठेवतो. रंग बदलणारे खडे आणा, म्हणजे ते कधी भरले ते दिसतं. मग कोरडे करून पुन्हा वापरता येतात. डबे आणि खडे बोहरी आळीत मिळतात.

गोल रिंगांच्या फाइलमध्ये पहिल्या रांगेतल्या कार्डांवर रिंगचा दाब येऊन वळ उठतो. डी आकाराची रिंग बघून घ्या.

---

रानजाई

फारच उपयोगी, पानशेतकर. अप्पा बळवंत चौकात व्हिजिटिंग कार्डांचा अल्बम घ्यायला गेले होते, तर त्यात हे कार्ड जातच नाही. खण अरुंद.

---

पानशेतकर

नाहीच जाणार. पोकेमॉन आणि मॅजिकचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर. व्हिजिटिंग कार्ड साधारण ५४ रुंद. आणि यू-गी-ओचं ५९ बाय ८६, म्हणून त्याच्या स्लीव्हही वेगळ्या येतात. विकत घेताना माप विचारा.

---

बेरीज_वजाबाकी

घरचे काय म्हणतात, या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. आमच्याकडे सुरुवातीला "एवढे मोठे झालात आणि चित्रं काय जमवता" असं होतं. आता बायको विद्यार्थ्यांना सांगते की सरांकडे जाऊन कार्डं बघा.

---

कसबेकर

सर, या प्रश्नाचं उत्तर आपल्या पुण्यातच उभं आहे, बाजीराव रस्त्याला लागून, शुक्रवार पेठेत: राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी काय जमवलं? अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, दौती, दारं. लोक जे अडगळ म्हणून काढून टाकत होते ते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारा हा माणूस त्या वस्तूंसाठी गावोगाव हिंडला आणि १९६२ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने. अडकित्त्यांच्या दालनासमोर उभं राहिलं की कळतं, एकाच वस्तूची शेकडो रूपं शेजारी ठेवल्यावर ती वस्तू बोलायला लागते. एकटा अडकित्ता कोणी दोनदा बघणार नाही.

निंबोणीताईंनी जे कुंपण म्हटलं, ते मला तिथे दिसतं. कार्डं जमवणाऱ्याने संकोच का करावा? ही छपाई, ही चित्रं, हे खेळ आपल्या काळाचे आहेत. कोणीतरी ते नीट लावून ठेवायला हवेत.

---

निंबोणी

काका, हे फार आवडलं. पुढच्या वेळी अडकित्ते त्या नजरेने बघेन.

---

रानजाई

मुलाला सांगितलं. टॉर्च घेऊन दोघांनी बसून सगळी कार्डं तपासली. सोनेरी डबा त्याने खेळायला ठेवलाय आणि खरी वेगळी लावलीत. रडला नाही, उलट आता सोसायटीतल्या सगळ्यांची कार्डं तपासून देतो.

पण त्यातून नवीन प्रश्न आलाय. मोठी मुलं लहान मुलांशी अदलाबदल करतात. चकचकीत नकली देऊन खरं साधं कार्ड घेतात. आपण मोठ्यांनी मुलांशी कार्डं बदलावीत का?

---

निंबोणी

मी बदलते, पण माझे नियम कडक आहेत. मुलाचे आई किंवा बाबा समोर हवेत. माझं कार्ड साधारण कितीचं आणि त्याचं कितीचं, हे आधी मोठ्याने सांगायचं. त्याचं जास्त किमतीचं असेल तर फरक भरून द्यायचा, त्याला कळलं नसलं तरी. आणि दोन दिवसांत त्याचा विचार बदलला तर विनातक्रार परत. ज्याला हे जमणार नाही त्याने मुलांशी व्यवहार करूच नये. या छंदात मुलांचा विश्वास उडाला तर पुढे जमवणारं कोणी राहणार नाही.

---

पौडफाटा

याला पूर्ण अनुमोदन. परत घेण्याचा नियम मोठ्यांमध्येही पाळू या.

एकदा भेटायचं का सगळ्यांनी? दिवाळीनंतर एखाद्या रविवारी सकाळी, पाऊस सरला की. संभाजी बागेत दहा वाजता. विक्री नाही, फक्त डबल आणायचे.

---

बेरीज_वजाबाकी

येतो. मॅजिकची साधी कार्डं पुष्कळ आहेत, कोणाला खेळ शिकायचा असेल तर दोन गड्ड्या बांधून आणीन.

---

कसबेकर

मी ट्रम्प कार्डं आणि काडेपेटीचे छाप घेऊन येईन. बदलायला नाहीत, बघायला आहेत. खाली अंथरायला चादर आणा कोणीतरी.

---

रानजाई

चादर आमच्याकडून. मुलगा टॉर्च घेऊन येणार आहे. आमचे डबल: सायडक दोन, जिओड्यूड तीन, आणि एक ओडिश. ओडिशवर खाली युका मोरी असं लिहिलंय, आत्ताच बघितलं. निंबोणी, ते तुमच्यासाठी बाजूला ठेवते. बदल्यात त्याला कोणतंही पाण्याचं पोकेमॉन चालेल म्हणतोय, फक्त आधी तो टॉर्च लावून बघणार.

---

निंबोणी

ठेवाच! त्याच्यासाठी पॉलिव्हॅग, स्टारयू आणि हॉर्सी आणते, निवड त्याची. पानशेतकर, तुमच्या ८६ पैकी कोणते आकडे उरलेत ते इथे लिहा, म्हणजे सगळे आपापल्या डब्यांत शोधून आणतील.

---

पानशेतकर

१९, २७, ४१, ६६, ७३, ८८. कोपरे घासलेले असले तरी चालतील.